नाश्त्याचा ट्रे, तात्या विंचू आणि उठून गेलेली मुलं

पत्र:

मावशी, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, आता न्यू जर्सीत असते. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा. इथल्या शेजारणीकडून मी ब्रेकफास्ट कॅसरोल शिकले. ब्रेड, अंडी, दूध, चीज, भाज्या एका ट्रेमध्ये घालून भाजायचा. मुलांना तो फार आवडतो. लहानपणी गणपतीत आमच्या चौकात पांढरा पडदा बांधून ‘झपाटलेला’ दाखवला होता, तेव्हापासून तो माझा सगळ्यात लाडका सिनेमा. मध्यंतरी एका शनिवारी सकाळी ठरवलं की घरचा नाश्ता आणि माझा सिनेमा, दोन्ही एकदम. झालं भलतंच. मी निम्मा वेळ स्वयंपाकघरात, मुलगा बाहुल्याला घाबरून रडायला लागला, मुलगी ‘बोअर आहे’ म्हणून खोलीत निघून गेली. सासूबाई इथे आल्या आहेत, त्या शनिवारी अंडं खात नाहीत, त्यांनी बिचाऱ्यांनी चहा-बिस्किटावर भागवलं. नवरा म्हणतो, आपलं बालपण मुलांवर लादू नकोस. नाताळच्या सुट्टीत पुन्हा करून बघू का? आणि मराठी सिनेमाबरोबर कॅसरोल विचित्र वाटतो का? मिसळ करू का?
– न्यू जर्सीतली साताराकर

उत्तर:

अगं, सगळ्यात सोपं आधी उरकते. सासूबाई शनिवारी अंडं खात नाहीत ना? मग रविवारी कर.

आता मिसळ. नको करूस. बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर, अंधारात, सहा वर्षांच्या मुलाच्या हातात तर्रीची वाटी देणाऱ्या बाईला मी सल्ला देऊ शकत नाही, तिला फक्त डाग काढायची पावडर सुचवू शकते. मिसळ टेबलाशी बसून, घाम पुसत, मध्येच पाव मागत खायची. सिनेमाबरोबर एका हातानं, ताटलीकडे न बघता खाता येईल असंच काहीतरी हवं. तुझा कॅसरोल नेमका तसा आहे. चौकोन कापला, ताटलीत ठेवला, काटा घेतला, झालं.

आणि विचित्र कसला? बाहुल्यात शिरलेल्या गुंडाची कल्पनाच मुळात १९८८च्या एका अमेरिकी भयपटावरून आली. महेश कोठाऱ्यांनी ती उचलून १९९३ साली तिला मराठी कपडे चढवले, ‘ओम फट स्वाहा’चा मंत्र दिला, लक्ष्मीकांत बेर्डे नावाचा माणूस तिच्यासमोर उभा केला आणि ती आपली झाली. तात्या विंचू अमेरिकेहून आलेला चालतो, तर नाश्त्यानं काय घोडं मारलंय? उलट तुझ्या मुलांना पुढे कधीतरी ‘झपाटलेला’ आठवेल तेव्हा बरोबर भाजलेल्या चीजचा वासही आठवेल. त्यांचं बालपण तिथलं आहे, साताऱ्याचं नाही. ते तसंच असू दे.

तुझ्या पत्रातला मुख्य मुद्दा मात्र तू चालता चालता लिहून गेलीस. गणपतीत, चौकात, पडदा बांधून. तू सिनेमा आठवतेस, मला त्यात माणसं दिसतात. सतरंजीवर पेंगलेली पोरं, ओट्यावरच्या आज्या, पडद्याच्या उलट्या बाजूला जागा मिळाली म्हणून कुरकुरणारे, आणि लक्ष्यानं डोळे विस्फारले की एकदम उसळणारा हशा. त्या गर्दीत तात्या विंचूची भीती वाटली तरी शेजारी कुणाची तरी मांडी होती. विनोद कळला नाही तरी सगळे हसले म्हणून तूही हसली असशील. आता तोच सिनेमा तू चार भिंतींत, सकाळच्या शांततेत, दोन मुलांना दाखवलास आणि स्वतः ओव्हनपाशी उभी राहिलीस. हसायचं कधी, हे त्यांना कळणार कुणाकडून? विनोदी सिनेमाला प्रेक्षक लागतो. एकटीदुकटी मुलं त्याचा प्रेक्षक होत नाहीत, ती फक्त बघतात.

म्हणून माझा सल्ला एकच, बाकी सगळा त्यातून निघतो. आणखी दोन घरं बोलाव. एक मराठी असू दे, आणि दुसरी ती शेजारीण, जिनं तुला कॅसरोल शिकवला. तिला एक शब्द कळणार नाही, तरी ती हसेल, बघच. आणि कॅसरोल हा पदार्थही गर्दीचाच आहे. चर्चच्या जेवणावळी, शाळेची पॉटलक, नाताळची सकाळ, घरात पाहुणे झोपलेले असताना रात्रीच भरून ठेवायचा तो ट्रे. चौघांसाठी एवढा खटाटोप करून दोन दिवस तेच खात बसण्यापेक्षा दहा जणांत तो एका बैठकीत संपलेला बरा.

आता कामाचं बोलू, कारण तू स्वयंपाकघरात अडकलीस हेच मागच्या वेळचं खरं दुखणं होतं. तू त्या सकाळी ट्रे भरायला घेतलास असं दिसतंय. तो आदल्या रात्रीच भरायचा. नुसती सोय म्हणून नाही, चवीसाठीसुद्धा. ब्रेडला अंड-दूध आतपर्यंत प्यायला वेळ लागतो. घाईत भरलेल्या ट्रेमध्ये ब्रेड वर कोरडा आणि तळाशी अंड्याचा थर, असे दोन वेगळे पदार्थ तयार होतात.

नऊ बाय तेरा इंचांच्या ट्रेला साधारण आठ कप ब्रेडचे तुकडे, आठ अंडी, अडीच कप दूध, दोन कप किसलेलं चीज. ब्रेड एकदोन दिवसांचा शिळा हवा. ताजा असेल तर तुकडे करून ओव्हनमध्ये दहा मिनिटं सुकवून घे. तिकडच्या देशी दुकानात मिळणारा लादीपाव उत्तम चालतो. गोडसर, लोणीदार ब्रेड मात्र मिरचीबरोबर नको. भाज्या आधी परतलेल्याच घालायच्या, हा नियम मोडू नकोस. कच्चा टोमॅटो, कच्चं मशरूम, न पिळलेला पालक ट्रेमध्ये पाणी सोडतात आणि मधला भाग लगदा होतो. तेलात मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा. कांदा गुलाबी झाला की ढोबळी मिरची आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, चिमूटभर हळद, थोडं धणे-जिरं. थंड करून ब्रेडमध्ये मिसळ, वरून अंड-दूध ओत, हातानं हलकं दाब. मीठ बेतानं, चीजमध्ये असतंच. आणि हौसेनं गोडा मसाला घालू नकोस. रंग मातकट येतो, आणि चीज आणि दगडफूल यांचं काही जमत नाही. मराठीपण दाखवायला कढीपत्ता पुरे.

मुलगा तिखट खात नसेल तर मिरची फक्त अर्ध्या ट्रेमध्ये घाल आणि त्या बाजूला टूथपिक खोचून ठेव. झाकून फ्रीजमध्ये. बाहेर थंडी आहे म्हणून गॅरेजमध्ये किंवा ओट्यावर रात्रभर ठेवायचा मोह होईल, तो आवर. त्यात कच्चं अंडं आहे.

सकाळी ट्रे बाहेर काढ आणि मग ओव्हन ३५० फॅरनहाइटला तापत ठेव. काचेचा ट्रे फ्रीजमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये घालू नकोस, तडकू शकतो. अर्धा तास बाहेर राहू दे, नाहीतर सरळ धातूचा ट्रे वापर. पहिला अर्धा तास वर फॉइल, मग काढून आणखी वीस-पंचवीस मिनिटं. रात्रभर गार झालेल्या ट्रेला वेळ जास्त लागतो, त्यामुळे घड्याळापेक्षा मधोमध खुपसलेल्या सुरीवर विश्वास ठेव. ती ओली निघाली तर अजून थांब. थर्मामीटर असेल तर मध्यभागी १६० आला की झालं. बाहेर काढून दहा मिनिटं शांत बसू दे, लगेच कापलास तर चौकोन मोडतात. ही दहा मिनिटं म्हणजे लोकांनी बूट काढायची, कोट ठेवायची, मुलांनी सोफ्यावर जागेसाठी भांडायची वेळ.

बोलावलेल्यांत अंडं अजिबात न खाणारं कुणीतरी निघतंच. त्यांच्यासाठी आठ इंचांच्या छोट्या भांड्यात रव्याचा हांडवो लाव. दोन कप रवा, एक कप दही, साधारण एक कप पाणी, किसलेला दुधी-गाजर, आलं-मिरची, मीठ. अर्धा तास भिजला की एक चमचा इनो घालून लगेच भांड्यात ओत, वर तीळ-मोहरीची फोडणी. याचं तापमानही ३५०च, वेळ पस्तीस-चाळीस मिनिटं, म्हणजे दोन्ही एकाच ओव्हनमध्ये मावतात. हे मात्र आदल्या रात्री कालवून ठेवू नकोस, इनोचा जीव तेवढा नसतो. अंड्याचा ट्रे शेजारी असलेला चालेल का, हे त्या पाहुण्यांना आधी विचार. काहींना चालतं, काहींना नाही, आणि ते विचारण्यात अवघड वाटण्यासारखं काही नाही.

आता सिनेमा. इथे मी तुझ्या विरुद्ध जाणार आहे. या वेळी ‘झपाटलेला’ नको.

सहा वर्षांचं मूल बाहुल्याला घाबरलं ते बरोबरच घाबरलं. ज्या वस्तूला कुशीत घेऊन झोपायचं, तीच रात्री सुरी घेऊन उठते, याहून वाईट बातमी त्या वयात नसते. तूही घाबरली असशील, पण तुझ्या बाजूला चौक होता. त्याला वर्ष-दोन वर्षं दे. दरम्यान एक काम कर. रामदास पाध्ये यांचे बोलक्या बाहुल्यांचे प्रयोग त्याला दाखव. वडिलांनी, म्हणजे य. के. पाध्यांनी, जन्माला घातलेल्या अर्धवटरावाला घेऊन ते बसतात आणि तो बाहुला त्यांच्याशीच भांडतो. सिनेमातला तात्या विंचूचा बाहुलाही पाध्यांचाच. बाहुल्यामागे माणूस असतो, तोंड त्याच्या बोटांनी हलतं, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मुलाची निम्मी भीती जाते. उरलेल्या निम्म्या भीतीची गंमत पुढे त्याला स्वतःलाच हवी असेल. मुलीला ‘झपाटलेला’ हवा तर तिला आधी दाखव, तुम्ही दोघीच, एखाद्या संध्याकाळी. धाकट्याला वगळून बघायला मिळतोय म्हटल्यावर दहा वर्षांच्या मुलीला तो बोअर वाटायची शक्यता पुष्कळ कमी होते. मोठ्या बहिणींचं असंच असतं.

रविवारच्या मंडळींसाठी ‘अशी ही बनवाबनवी’ लाव. १९८८चा. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून सचिन पिळगावकरांनी केलेला. कारण सांगते. त्याची निम्मी गंमत शब्दांत आहे, ती तुमच्यासाठी, आणि निम्मी डोळ्यांना दिसणारी, ती मुलांसाठी आणि शेजारणीसाठी. घर हवंय, मालकीण फक्त जोडप्यांना जागा देणार, म्हणून चार मित्रांपैकी दोघं लुगडी नेसून बायका होतात. लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरत चालायला लागला की भाषांतर लागत नाही. सोंग आता उघडं पडतंय की मग, एवढी एकच उत्कंठा सहा वर्षांच्या मुलाला पुरते.

सुरू करण्याआधी दोन वाक्यांत गोष्ट सांगून टाक. मुलगी विचारेल, एकट्या मुलांना घर का देत नाहीत? तिला सांग की पुण्यात आजही काही सोसायट्या देत नाहीत. सिनेमा चालू झाला की मात्र अनुवाद बंद. प्रत्येक विनोदाला थांबवून ‘म्हणजे काय माहितीये का...’ करणारा पालक मी पाहिलाय, त्याच्या घरात कुणी हसत नाही. सबटायटल असतील तर लाव, पण काटा सांभाळत वाचणं सहाव्या वर्षी जमत नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नकोस. धाकट्याला सासूबाईंच्या शेजारी बसव. आजी पडद्याशी बोलतात, पुढचं आधीच सांगून टाकतात, ‘अगं बाई, आता हा सापडणार’ म्हणतात. तुझ्या चौकात हेच चालू होतं.

काही विनोद आता खटकतील, हेही सांगून ठेवते. कुणाच्या आजारावरून, कुणाच्या दिसण्यावरून हसणं त्या काळी सगळ्यांच्याच सिनेमात सर्रास होतं. मुलीनं ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ विचारलं तर सारवासारव करू नकोस. ‘नाहीये, आम्ही तेव्हा हसायचो’ म्हण आणि पुढे बघ.

नवऱ्याचं म्हणणं निम्मं पटतं मला. लादणं म्हणजे सिनेमा लावणं नव्हे. लादणं म्हणजे पडद्याकडे न बघता मुलांच्या तोंडाकडे बघत राहणं, हसतायत का ते तपासत. ‘आता बघ हं, आता बघ’ म्हणणं. ‘आमच्या वेळी’ने वाक्य सुरू करणं. मुलांना ही परीक्षा लगेच कळते आणि ती नापास व्हायचं ठरवून टाकतात. तू ताटली घेऊन सोफ्यावर बस, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि स्वतःसाठी बघ. मोठ्यानं हस. मुलगी उठून गेली तर जाऊ दे, आणि तुम्ही सगळे खिदळायला लागल्यावर ती दारात येऊन उभी राहिली तर ‘आलीस का शेवटी’ म्हणू नकोस, नुसती जागा कर.

गाणी आली की पुढे ढकलायची नाहीत. मुलांना तेव्हा उठून नाचू दे, मोठ्यांनी दुसरा चौकोन घ्यावा. आपल्या सिनेमाला मध्यंतर असतं याचा फायदा अमेरिकेत कुणी घेत नाही, तू घे. तिथे थांब. चहा टाक, मुलांना कोट घालून अर्धा तास अंगणात सोड. परत येऊन उरलेला सिनेमा बघायचा की दुपारी, की पुढच्या रविवारी, ते त्यांना ठरवू दे. अडीच तास एका जागी बसायची सवय त्यांना नाही, आणि खरं सांगायचं तर आता आपल्यालाही नाही.

दोन बारीक गोष्टी. जी प्रत लावणार ती आदल्या रात्री, ट्रे फ्रीजमध्ये गेला की, पाच मिनिटं चालवून बघ. आवाज फाटका असला किंवा सबटायटल भलत्याच वेळी येत असतील तर ते पाहुण्यांसमोर कळायला नको. आणि भाजलेला ट्रे दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नकोस. मध्यंतरात जे उरलं असेल त्याचे चौकोन डब्यात भरून फ्रीजमध्ये टाक, तीन-चार दिवस टिकतात. गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा टोस्टर ओव्हन बरा, कडा पुन्हा कुरकुरीत होतात. सोमवारी सुट्टी असेल तर मुलांचा नाश्ता आयता झाला.

– मावशी